खुशाल जा, म्हणाले मी

आमच्या ह्यांचं "छान" ज्यानं ऐकलं नाही, तो आमच्या भागात गाडी चालवायला शिकलाच नाही असं समजा.

हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर. पांढरी छोटी गाडी, टपावर लाल पाटी, आणि ह्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक. सगळा जन्म त्या शेजारच्या सीटवर गेला. बाकीचे मास्तर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, "अहो क्लच, क्लच! झोपलात का!" ह्यांचा आवाज कधी चढला नाही. ह्यांच्याकडे एकच शब्द होता, छान. कुणी गाडी नीट वळवली की जाता जाता तुटकसं "छान". कुणी चढावर गाडी धरून ठेवली, मागे घरंगळू दिली नाही, की जरा लांबवलेलं "छाऽन", त्यात मिशीतलं हसू मिसळलेलं. ते फार क्वचित मिळायचं. आणि कुणी आरशात न बघता गाडी रस्त्यावर घातली की एक तिसरंच "छान" यायचं. खाली दबलेलं, सपाट. ते ऐकलं की शिकणाऱ्याचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा आणि कान लाल व्हायचे. आमच्या समोरचा इस्त्रीवाला ह्यांच्याकडेच शिकला. तो मला म्हणायचा, "मास्तरीणबाई, दोन शिव्या परवडल्या, पण मास्तरांचं ते छान नको."

लोक मला मास्तरीणबाई म्हणतात खरं, पण मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही. मी घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसते आणि लोकांच्या पँटी आखूड करते, चेनी बदलते, उसवलेलं शिवते.

आणि मी सरळ बोलणारी बाई नव्हे, हेही आधीच सांगून टाकते. खोटं बोलत नाही हं. पण हवं असेल ते नको म्हणायचं आणि नको असेल तेव्हा "असू दे की" म्हणायचं, ही माझी लहानपणापासूनची बोली. माझ्या माहेरी सगळ्याच तशा. "मला काही नको" म्हणजे आणा, आणि नीट बघून आणा. "तुम्हाला काय त्याचं" म्हणजे पुन्हा एकदा विचारा. "मी काही रागावलेली नाही" म्हणजे काय, ते कुठल्याही नवऱ्याला विचारा. लग्नानंतर सुरुवातीला हे गोंधळले असतील, पण मग त्यांना ते असं काही साधलं की काय सांगू. मी पलीकडच्या खोलीतून, मशीन धडधडत असताना, "राहू दे, मी बघते" म्हटलं, की हे चपला काढायच्या आत भांडी घासायला उभे. "दमले" हा शब्द मला कधी उच्चारावा लागला नाही. प्रेमबिम तर आमच्याकडे फक्त रेडिओवर बोललं जायचं. मी म्हणायची, "जा बाई, तुमच्याशी कोण बोलतंय!" आणि हे हसत हसत आणखी जवळ सरकून बसायचे. बास, झालं. आणखी काय बोलायचं असतं?

मग एका सकाळी हे दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच, वस्तरा हातात, आणि मागे वळून म्हणाले, "मला जरा बसू दे." बसले ते कलंडलेच.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका आलाय, पण वेळेवर आणलंत. डावा हात लुळा पडला होता, तो हळूहळू हलायला लागला. पाय आधी वाकडा पडायचा, तोही सुधारला. बोलणं तर गेलंच नव्हतं. खणखणीत शब्द, एकही अडखळत नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, थोडक्यात निभावलं.

आमची लेक दुसऱ्या शहरात असते. मोठ्या कचेरीत आहे, स्वतःची गाडी आहे, पण आम्ही तिला अजून चिमणीच म्हणतो. ती धावतपळत आली आणि दारातूनच "बाबा!" म्हणून रडायला लागली. हे म्हणाले, "आलीस." बस्स, एवढंच. इस्त्रीचे कपडे घेऊन कुणी दारात आलं की म्हणावं ना, तसं. चिमणीचं रडणं जागच्या जागी थांबलं. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणते, "आई, बाबा माझ्यावर रागावलेत का गं?"

"छे गं, दमलेत," मी म्हटलं. पण तोच प्रश्न मलाही पडला होता. कारण त्याच दिवशी सकाळी ते मला म्हणाले होते, "तू घरी जा." आणि मला कळेना, हे काळजीनं म्हणतायत, कंटाळून म्हणतायत की मला हाकलतायत. मी तशीच स्टुलावर बसून राहिले. ह्यांचं "घरी जा" मला कळलं नाही असं कधी झालंच नव्हतं हो.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण शांत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. "त्यांचे शब्द शाबूत आहेत. पण आवाजातला चढउतार गेलाय. राग असो, लाड असोत, चेष्टा असो, सगळं एकाच सुरात येईल. आणि दुसऱ्याच्या आवाजातलंही त्यांना कळणार नाही. तुम्ही काय शब्द वापरलेत तेवढंच पोचेल."

"पण आतून वाटतं ना त्यांना? की तेही गेलं?"

"वाटतं. पूर्वीसारखंच वाटतं."

"मग मला कसं कळायचं त्यांच्या मनात काय आहे ते?"

"विचारायचं. आणि तुमच्या मनात जे असेल ते तुम्ही सरळ शब्दांत सांगायचं."

"आणि हे बरं कधी होईल?"

"थोडंफार होईल. कदाचित नाहीही होणार."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, शब्दांत? मनातलं शब्दांत कोण सांगतं?

घरी आलो आणि गोंधळाला सुरुवात झाली. एकदा मी भाजी घेऊन परत आले, तर ह्यांनी माझ्या कापड बेतायच्या टेबलावर खणच्या खण उपडा केलेला. स्क्रू, गंजलेल्या किल्ल्या, बंद पडलेली घड्याळं, काय नाही ते. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "वा! काय सुंदर पसारा मांडलाय!"

ह्यांनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "आवडला? मग असू दे."

आणि तो पसारा तिथंच राहिला! पूर्वी माझ्या त्या "वा" लाच निम्मं टेबल आवरून झालं असतं. आता "आवरा" असं सरळ म्हणायचं, तर माझी जीभ वळेना. वाटलं, आजारी माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं? मी आपली त्या स्क्रूंच्या कडेकडेनं पँटी बेतत राहिले.

एकदा भाजीत मीठ घालत होते. घालतायत, घालतायतच. मी म्हटलं, "घाला अजून, सगळी बरणीच उपडी करा!" तर हे बरणी धरून उभे. "सगळी?" मला असं हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते माझं मला कळलं नाही. हे म्हणाले, "तू हसतेस का रडतेस?" आता काय सांगू? मलाच कुठं ठाऊक होतं?

पण सगळ्यात वाईट वाटलं ते त्या दिवशी. एका गिऱ्हाइकाच्या घरी समारंभ होता, मी जरा बरे कपडे घालून निघाले होते. हे खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "छान दिसतेस."

ते तिसरं छान! खाली दबलेलं, सपाट. मी तशीच आत गेले, आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं, शेवटी कपडे बदलले. तिथं समारंभात लोक जेवत होते आणि मी विचार करत होते, काय वाईट दिसलं असेल ह्यांना? रंग? की मी जाड झालेय? परत आल्यावर विचारलंच, "काय वाईट दिसत होतं हो?"

"छान म्हणालो ना," हे म्हणाले. पुन्हा तेच, त्याच सुरात.

कप्पाळ माझं! डॉक्टरीणबाईंनी विचारा म्हणून सांगितलं, पण विचारल्यावर जे उत्तर येतं तेही त्याच आवाजात येतं, त्याचं काय करायचं ते नाही सांगितलं.

स्कूलचे मालक भला माणूस. म्हणाले, "मास्तर, वाटतंय तर या एखादी फेरी मारायला." हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शिकायला बँकेतल्या एक बाई होत्या, ह्यांच्याकडेच आधीपासून शिकत होत्या. वळणावर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरला त्यांनी गाडी इतकी चिकटवून काढली की आता आरसा जातोय की मग जातोय. हे म्हणाले, "छान." आता त्या बिचाऱ्या बाईंना कुणीतरी सांगून ठेवलेलं की मास्तर आता पूर्वीसारखे आवाज काढत नाहीत, शब्द ऐकायचे फक्त. त्यांनी शब्द ऐकला, खूश झाल्या आणि आणखी रेटली गाडी. ह्यांनी आपल्या पायानं ब्रेक दाबला तेव्हा बाईंचा चष्मा स्टिअरिंगवर आपटून फुटला. "तुम्ही छान म्हणालात ना हो मास्तर!" म्हणून त्या रस्त्यातच रडायला लागल्या.

मालक ह्यांना घेऊन घरी आले. माझ्यासमोर म्हणाले, "मास्तर, थोडे दिवस आराम करा. मी बोलावतो ना तुम्हाला." किती गोड आवाज तो! साय पसरावी तसा. ऐकल्याबरोबर मला समजलं, की संपलं आता. हा माणूस काही बोलावणार नाही. आणि ह्यांना फक्त शब्द पोचले होते. दुसऱ्या दिवसापासून हे रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, घड्याळ बांधून माझ्या पुढच्या खोलीत बसायला लागले. मालक बोलावतो म्हणालेत ना! मी मशीनवर, हे दाराशी खुर्चीत, नजर रस्त्यावर. मला सांगवेना. कसं सांगणार? मालकांनी वाईट एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. मी नुसती चिडचिड करत होते. दोरा तुटला तरी ह्यांच्यावर ओरडायचे, सुई बोचली तरी ह्यांच्यावर.

अशाच एका दुपारी चिमणीचा फोन आला आणि मी तिच्यापाशी सगळी भडाभडा ओकले. पसारा, मीठ, मालक, सगळं. आणि शेवटी म्हटलं, "ने बाई ह्यांना तुझ्याकडे, माझी सुटका कर एकदाची!"

आता असं बायका म्हणतात की नाही? आपल्या पोरांनाही म्हणतात, कुठं नेऊन घालू तुला म्हणून. कुणी नेऊन घालतं का? पण चिमणी सुट्टी टाकून, गाडी घेऊन हजर. म्हणे माझ्याकडे खोली रिकामी आहे, खालच्याच मजल्यावर व्यायाम करून घेणारे आहेत, तुझी ओढाताण होते आई, बाबा राहतील माझ्याकडेच. कायमचे. तुला जमेल तशी तू ये.

मी फोनवर ते कसं म्हटलं होतं? चेष्टेत? चिडून? की खरंच? मी आठवून आठवून बघितलं, आणि खरं सांगते, मला स्वतःचाच आवाज आठवेना. थकले तर होतेच. पण म्हणून ह्यांना घेऊन जा? ही खुर्ची रिकामी? सकाळी उठून भांडायचं कुणाशी, भिंतीशी?

चिमणीनं ह्यांना विचारलं, "बाबा, येता ना माझ्याकडे राहायला?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "येतो."

इतक्या चटकन? थोडे आढेवेढे नाहीत, "आईला विचारतो" नाही, काही नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "जा की! खुशाल जा! मला काय, मी राहीन इथं एकटी मजेत. जरा शांतता तरी मिळेल घराला."

पूर्वीचे हे असते तर खो खो हसले असते. चिमणीला म्हणाले असते, "बघितलंस? आई नको जाऊ म्हणतेय."

हे म्हणाले, "बरं." आणि कपाटावरची बॅग काढायला स्टूल शोधायला लागले.

बॅग भरायचा कार्यक्रम म्हणजे तर विचारू नका. मी कपड्यांच्या घड्या करत नव्हते, आपटत होते. "हा स्वेटर नेणार आहात का?" "तू सांग." "मी कोण सांगणारी? तुमची मर्जी!" "मग नेतो." आता स्वेटर नेला, म्हणजे हे थंडीतही परत येणार नाहीत! मी आवाज आणखी चढवला. मला वाटे, एवढ्या मोठ्यानं म्हटलं तरी कळू नये? "न्या, न्या, सगळं न्या! हे दारसुद्धा उचकटून न्या!"

हे दाराकडे बघून म्हणाले, "दार कशाला?"

चिमणी कोपऱ्यात बसून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिचंही डोकं चक्रावलं असणार. मला म्हणाली, "आई, तुला नक्की काय हवंय?" मी म्हटलं, "मला? मला काही नको." झालं.

संध्याकाळी चहा घेताना चिमणी पेट्रोल भरायला गेली होती, आम्ही दोघंच होतो. बशीत चहा ओतता ओतता हे म्हणाले, "मला इथंच बरं वाटतं."

असं सपाट, असं दगडासारखं म्हणाले की मला वाटलं टोमणा मारतायत. बॅग भरून दाराशी ठेवलीय आणि वर हे! मला उलट सुनावतायत, की बघ, तुझ्या घरात किती बरं वाटत होतं ते! मी म्हटलं, "वा, वा! म्हणूनच स्वेटर आधी घातलात बॅगेत." ह्यांनी कप खाली ठेवला.

सकाळी गाडी दाराशी लागली. चिमणी स्टिअरिंगवर, हे शेजारच्या सीटवर. चिमणीला गाडी ह्यांनीच शिकवलीय. बसल्या बसल्या ह्यांचा पाय सवयीनं पुढे गेला, ब्रेक चाचपायला. तिथं काही नव्हतं. त्यांनी पाय मागे घेतला आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. ते बघितलं आणि मला भडभडून आलं. पण तोंडातून काय निघावं?

"औषधं वेळेवर घ्या."

"बरं."

"चिमणीला छळू नका."

"बरं."

"आणि माझी काळजी करायची काही एक गरज नाही!"

"बरं."

एकेक "बरं" मला चापटीसारखं लागत होतं. चिमणी हळूच म्हणाली, "आई, निघू?"

"निघा की. अडवलंय कुणी?"

तिनं गाडी सुरू केली. हे खिडकीतून म्हणाले, "येतो."

आता निघताना सगळेच येतो म्हणतात, दारातून "जातो" कुणी म्हणत नाही. पण पूर्वी ह्यांच्या "येतो" वरून मला कळायचं, हे कोपऱ्यावर चाललेत की लांब चाललेत, हसत चाललेत की रुसून. ह्या "येतो" त काहीच नव्हतं. मी कान देऊन ऐकलं, पण नव्हतंच काही. परत येणार होते का नव्हते? मला डॉक्टरीणबाई आठवल्या. विचारायचं. मी गाडीच्या काचेवर हात टेकवला. चिमणीनं गाडी परत बंद केली.

"अहो," मी म्हटलं, "येतो म्हणजे काय? परत येणार आहात?"

"तू बोलावलंस तर."

"मी कशाला बोलवायचं? घर तुमचं आहे!"

"तू जा म्हणालीस."

"आणि तुम्ही लगेच बॅग काढलीत!"

"तू खुशाल जा म्हणालीस. मला वाटलं, माझ्यामुळे तू दमलीस. मला जायचं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत तसं? तोंड शिवलं होतं का कुणी?"

"बोललो. काल चहाच्या वेळी. मला इथंच बरं वाटतं म्हणालो. तू वा, वा म्हणालीस."

बोलले होते. खरंच बोलले होते की हो! सरळ, स्वच्छ, जसं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. आणि मी काय ऐकलं? मी शब्द सोडून आवाज ऐकत बसले, जो आवाज ह्यांच्यापाशी उरलेलाच नाही. म्हणजे ते छान दिसतेस म्हणाले होते, तेही छानच होतं. तू घरी जा म्हणाले होते, तीही काळजीच असणार. मी एवढे दिवस ह्यांच्या नसलेल्या टोमण्यांवर रुसून बसले होते, आणि हे माझे खरे टोमणे खरं समजून बॅग भरत होते. कुणाची कीव करावी, त्यांची की माझी?

"आई, फोनवर तूच म्हणालीस ना ने ह्यांना म्हणून?" चिमणी रडकुंडीला आली होती.

"म्हटलं असेन! तू तर माझ्या पोटची, तुला कळायला नको?"

हे समोर बघत बसले होते. आता मला बोलायचं होतं. दोन शब्द होते, जाऊ नका. लहान मूलही बोलेल. पण घशापर्यंत यायचे आणि परत जायचे. "बघा बुवा तुमचं तुम्ही" तोंडावर आलं, ते गिळलं. "मला काय त्याचं" आलं, तेही गिळलं. ह्यांना हवे तसे शब्द माझ्यापाशी नव्हतेच, कधी लागलेच नव्हते. आणि मग जे बाहेर पडलं ते असं पडलं, की माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी भांडले नसेन.

"जाऊ नका! ऐकू येतंय का? कुठं निघालात मला सोडून? मला तुम्ही हवे आहात इथं! तुमच्यावाचून करमत नाही मला, कळलं का? मालक नाही बोलावणार आता, बोलावणारच नाहीत, पण मला हवे आहात तुम्ही! त्या खुर्चीत बसायचं, माझ्यासमोर! पसारा आवरायचा आधी, आणि मग बसायचं!"

इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच टाकून धावत आला. "मास्तरीणबाई, जाऊ द्या हो, कशाला भांडता? आजारी माणूस आहे." चिमणी गाडीतून ओरडली, "आई, ओरडतेस काय बाबांवर!" वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. सगळी गल्ली बघत होती, की मास्तरीणबाई नवऱ्याला दारात उभं करून वाट्टेल ते बोलतेय. मला थांबता येत नव्हतं. आवाज माझाच, आणि रागाचाच. दुसरा सापडला नाही त्या वेळी.

ह्यांना आवाज पोचला नाही. त्यांना नुसते शब्द पोचले.

"बरं," हे म्हणाले. सीटचा पट्टा काढला, दार उघडलं आणि आधी चांगला पाय बाहेर टाकून, मग दुसरा टाकून, हळूहळू उतरले. इस्त्रीवाला धरायला पुढे झाला तर त्याला हातानंच थांबवलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी चोरी करताना सापडलेल्या माणसासारखी, नाक पुसायला हाताशी काही नाही, गळ्यात इंची टेप, तीच डोळ्यांना लावून उभी.

"मालक नाही बोलावणार?"

"नाही हो."

"बरं."

ते "बरं" कसलं होतं कोण जाणे. मी विचारलं नाही, एका वेळी किती विचारायचं माणसानं. मग हे म्हणाले, "छान."

खाली दबलेलं, सपाट. तेच ते, टँकरपाशी म्हणाले होते तसंच. इस्त्रीवाल्यानं सवयीनं मान खाली घातली. मी मात्र ह्या वेळी आत आरशाकडे गेले नाही.

"कुठलं छान?" मी विचारलं.

हे विचारात पडले. खणात एखादी किल्ली शोधतात तसे शोधत राहिले.

"चढावरचं," म्हणाले, आणि गाडीच्या मागे बॅग उतरवायला गेले.